आठ पेट्यांची पाठ

आमच्या वहिनींना गिटार वाजवता येत नाही. घरात काम करताना त्यांना साधं गुणगुणतानाही मी कधी ऐकलेलं नाही. पण कोणत्या नामांकित गिटारवाल्याने कोणत्या कार्यक्रमात कोणतं पेडल लावलं होतं आणि त्याचं बटण कुठे होतं, हे विचारायला लांबलांबून फोन येतात ते त्यांनाच. फोन करणारे काम झालं की गोड बोलून ठेवून देतात, आणि वहिनींनी काढलेला फोटो आपल्या नावावर खपवतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीवरून माझं डोकं तापतं आणि मग पुढचं सरळ लिहिता येत नाही.

मी एका मोठ्या सभागृहात हमाल होतो. कार्यक्रमाचं सामान गाडीतून उतरवायचं, मागच्या लोखंडी जिन्याने मंचावर न्यायचं, कार्यक्रम झाला की परत खाली आणायचं. लिफ्ट होती, पण ती माणसांसाठी बांधलेली. सामान तिच्यात मावत नसे. जिना अरुंद, मध्ये एक वळण. त्या वळणावर वरचा माणूस उलटा चालतो आणि खालचा सगळं वजन छातीवर घेतो. ज्याने हे केलेलं नाही त्याला सांगून कळत नाही, म्हणून जास्त सांगत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नाळू मुलामुलींचे फोटो. वहिनी दिवसभर लोकांना सांगायच्या, हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका. एकदा दादा तापाने पडला, आणि एका वर्तमानपत्रासाठी आमच्या सभागृहातल्या कार्यक्रमाचा फोटो काढायचा होता. वहिनी आल्या. त्यांनी गिटारवाल्याचा एकही फोटो काढला नाही. त्याच्या पायांपाशी ओळीने मांडलेल्या लोखंडी डब्यांचे काढले.

वर्तमानपत्रातला माणूस फोनवर म्हणाला, "बाई, यात कलाकार कुठे आहे?"

"कलाकार तुमच्याकडे ढिगाने असतील," वहिनी म्हणाल्या. "त्याचा आवाज जिथून निघतो ते हे आहे."

फोटो छापला नाही. दादाने आठवडाभर तोंड फुगवलं. पण त्या गिटारवाल्याला कुणीतरी सांगितलं, आणि तो स्टुडिओत येऊन फोटोची प्रत मागून घेऊन गेला. प्रवासात त्याच्या डब्यांची बटणं हलली होती आणि आधीचा आवाज त्याला काही केल्या सापडत नव्हता. फोटोवरून सापडला. तिथून वहिनींचं हे काम सुरू झालं.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अशा विजेवरच्या गिटारची तार छेडली की आवाज थेट स्पीकरला जात नाही. वाटेत या पायाशी ठेवलेल्या डब्यांतून जातो. त्यांना पेडल म्हणतात. एक पेडल आवाज खरखरीत करतं, एक लांबवतं, एक घुमवतं. मग आवाज अ‍ॅम्प्लिफायरला जातो, तिथून स्पीकरच्या पेटीत. यातलं काहीही बदललं की आवाज बदलतो. त्यामुळे नव्याने शिकणारी मुलं नावाजलेल्या वादकाकडे काय काय आहे ते शोधत असतात, आणि कुणी काहीही ठोकून दिलं तरी खरं मानतात. वहिनींना हे ठोकून देणं खपत नव्हतं.

त्यांची पद्धत अशी. वादक आवाज तपासून चहाला गेला की त्या मंचावर जुनी चादर अंथरून पोटावर पडायच्या. बटणाचा काटा बाजूने बघितला तर एक दाखवतो, बरोबर वरून बघितला तर दुसरंच, म्हणून प्रत्येक बटणाचा फोटो बरोबर वरून. एका बटणाला एक फोटो. मग पेडलं जशी मांडली तशी, मग वायर कुठून कुठे गेली ते, मग प्रत्येक वस्तूची मागची बाजू. कशालाही हात लावायचा नाही. वायर आडवी आली तर वायरवाल्याला बोलवून आणायचं आणि त्याच्याकडून उचलवायची. आणि कार्यक्रम संपला की हे सगळं परत पहिल्यापासून, कारण वाजवता वाजवता माणूस बटणं फिरवतो.

आमची माणसं त्यांची चेष्टा करायची. "वहिनी, दंडवत झालं असेल तर उठा, पेटी ठेवायची आहे."

"ठेवा की. मी ज्यांना दंडवत घालतेय त्यांना धक्का लावू नका म्हणजे झालं."

चेष्टा करायचे, पण त्यांच्यासाठी थांबायचेही. पोटावर पडून तासभर काम करणारं माणूस आम्हाला कळतं. आमच्यात पैलवान म्हणून एकजण होता. कुस्ती त्याने जन्मात खेळलेली नव्हती, फक्त मान जाड होती. तो वहिनींची चादर स्वतः घडी घालून ठेवायचा. "आमच्या पेट्यांचा फोटो कधी काढणार?" असं दर वेळी विचारायचा.

"वाजल्या की काढीन," वहिनी म्हणायच्या.

आता मफलरवाल्याकडे येतो. हा गिटारवाला भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर घालून वाजवायचा, म्हणून आमच्यात तो मफलरवाला. नाव फार मोठं. त्याच्या मागे मंचावर स्पीकरच्या आठ पेट्या उभ्या असायच्या, चारावर चार. त्यांच्या डोक्यावर अ‍ॅम्प्लिफायर, त्यांचे लाल दिवे लागलेले. पेट्या एका कंपनीच्या. कंपनीच्या जाहिरातीत हा माणूस त्याच आठ पेट्यांपुढे उभा. एक पेटी दोन माणसांनी उचलायची, तरी वळणावर गुडघे बोलायचे. आठ वर, आठ खाली.

एका कार्यक्रमाला शेवटची पेटी वर नेताना पैलवानाचा पाय घसरला. पेटी त्याने सोडली नाही. सोडली असती तर खालचा माणूस चेपला असता. पेटी आणि कठडा यांच्या मध्ये त्याचा उजवा हात आला आणि दोन बोटं गेली. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. मफलरवाल्याने नंतर त्याच्या घरी आपला मोठा फोटो पाठवला, सही करून. आठ पेट्यांपुढे उभा असलेला. पैलवानाच्या बायकोने तो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आठवण ठेवली, एवढंच वाटलं.

वहिनींनी तोवर बऱ्याच वादकांचं काम पुरं केलं होतं आणि एक प्रकाशक त्यांचं पुस्तक काढायला तयार झाला होता. प्रत्येक वादकाला दोन पानं. मफलरवाला बाकी होता. त्याच्याशिवाय पुस्तकाला अर्थ नाही, असं प्रकाशकाचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. मफलरवाल्याने परवानगी दिली, फक्त पेट्यांच्या मागे काळा पडदा आहे तिकडे जाऊ नका, वायर पायात येते, असं सांगितलं.

वहिनींना मागची बाजू हवीच असते. सगळे चहाला गेल्यावर त्या पडदा सारून मागे गेल्या. आठही पेट्यांच्या पाठी कोऱ्या. वायर खुपसायची भोकं रिकामी. त्यांना वाटलं, अजून जोडायच्या असतील. फोटो काढले आणि बाहेर आल्या.

कार्यक्रम झाला. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. आम्ही पेट्या उतरवायला घेण्याआधी वहिनी नेहमीसारख्या परत मागे गेल्या. भोकं तशीच रिकामी. लाल दिवे मात्र लागलेले. म्हणजे दिव्याला वीज होती, आणि पेट्यांना काहीच नव्हतं.

मग इतका वेळ वाजत काय होतं? वहिनींनी पेडलांपासून निघणारी वायर पकडली. ती सतरंजीखालून गेली होती, मंचाच्या कडेने उतरली होती आणि मागच्या बोळातल्या झाडूच्या खोलीच्या दाराखाली शिरली होती. दाराबाहेर सफाईवाल्या मावशी स्टुलावर बसल्या होत्या. झाडू, बादल्या, फडकी सगळं त्यांच्याभोवती बोळात.

"मावशी, तुमचं सामान बाहेर कसं?"

"या मफलरवाल्याचा कार्यक्रम असला की असंच," मावशी म्हणाल्या. "माझ्या खोलीत त्याचा रेडिओ ठेवतात आणि मलाच हाकलतात. रेडिओपुढे माईक लावतात. दार लावलं तरी कान किटतात. इतकाच बरा वाजतो तर नेऊन ठेव म्हणावं वर."

मावशींनी दार उघडून दाखवलं. खुर्चीवर ठेवता येईल एवढा जुना अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्यातच स्पीकर. त्याच्यापुढे माईक, आणि माईकची वायर सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांकडे गेलेली. लोकांनी ऐकलं ते सगळं त्या खोक्यातून आलेलं. वहिनींनी त्याचा फोटो काढला नाही. न विचारता दार उघडलं गेलं होतं, म्हणून.

मला हे कसं कळलं? दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या आणि त्यांनी विचारलं, "भावजी, त्या पेट्या आतून पोकळ असतात का हो?"

"पोकळ कशा असतील? आत चुंबकाचे स्पीकर आहेत. दोन माणसं लागतात. पैलवानाची बोटं काय पोकळ पेटीखाली गेली?"

तेव्हा वहिनींनी मला सगळं सांगितलं.

मी हमाली करून कधी तक्रार केली नाही. जे वाजतं ते जड असतं, ही आमची समजूत. एवढं वजन वर नेतो तेव्हा कुठे लोकांना ऐकू जातं. त्यावर आम्ही पाठी मोडल्या. आणि इथे आठ पेट्या शोभेच्या. बरं, शोभाच हवी होती तर आतलं काढून घ्यायचं होतं. तेवढीही तसदी कुणी घेतली नाही. उचलणारे दुसरे असले की वजन कुणाला लागत नाही.

पैलवानाला मीच सांगितलं. तो आधी हसला, मला वाटलं त्याचा विश्वास बसला नाही. मग उठला, भिंतीवरची चौकट उतरवली, फोटो काढून घेतला आणि रिकामी चौकट बायकोकडे दिली. "यात पोराचा लाव," म्हणाला. फोटोचं काय केलं ते मी विचारलं नाही.

वहिनींचा एक नियम होता. छापण्याआधी पान त्या वादकाला दाखवायचं. म्हणून त्या मफलरवाल्याकडे गेल्या, आणि मला बरोबर नेलं. मंचामागच्या खोलीत तो नखं कापत बसला होता. आवाजाने मऊ माणूस. मला बसायला खुर्ची दिली, हे खोटं कशाला बोलू.

वहिनी सरळ म्हणाल्या, "पेट्या जोडलेल्या नसतात."

त्याने एक नख पुरं कापलं. "म्हणजे मागे गेलात."

"मागची बाजू मी सगळ्यांची काढते."

"ताई, लोक आवाज डोळ्यांनी ऐकतात. मागे काही नसेल तर म्हणतील, म्हातारा झाला, हळू वाजवतो. आणि कंपनीशी माझा करार आहे. सगळेच करतात हे."

"झाडूच्या खोलीत काय आहे ते मी लिहिणार नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचा आवाज त्यात आहे. ते तुमचं गुपित, तुम्ही राखा. पान पेडलांवर संपवते. पण आठ पेट्यांतून आवाज येतो असं माझ्या हातून लिहून घेऊ नका."

मला वाटलं, यापेक्षा माणूस आणखी किती पडतं घेणार. त्याच्या जागी मी असतो तर पाया पडलो असतो.

तो म्हणाला, "आठ पेट्या पानावर पाहिजेत. फोटोसकट. नाहीतर पान काढून टाका. आणि पान काढलंत तर सभागृहवाल्यांना मला सांगावं लागेल की तुम्ही परवानगीशिवाय पडद्यामागे शिरता. मग कुठलाच वादक तुम्हाला मंचावर घेणार नाही. तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही, ताई."

मी म्हणालो, "शेवटच्या पेटीखाली आमच्या माणसाची बोटं गेली."

"माहीत आहे. मी फोटो पाठवला होता," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

घरी दादाने डोक्याला हात लावला. "एका पानासाठी सगळ्या कामावर पाणी सोडणार? आठ लिही आणि मोकळी हो. पेट्या मंचावर असतात ना? मग असतात असं लिही."

"लिहिते," वहिनी म्हणाल्या. "फोटोसकट पाहिजेत म्हणतात, फोटोसकटच देते."

पुस्तक निघालं. मफलरवाल्याच्या डाव्या पानावर पेडलं, सगळी बटणं बरोबर वरून. उजव्या पानावर आठ पेट्या, चारावर चार, लाल दिवे लागलेले, पाठीमागून. आठही भोकं रिकामी. खाली एकच ओळ: कार्यक्रम संपल्याक्षणी. झाडूच्या खोलीबद्दल चकार शब्द नाही. सौदा फिसकटला तरी तो शब्द त्यांनी पाळला, कारण पेट्यांचा फोटो त्याने स्वतःच मागितला होता, खोली मात्र न विचारता पाहिलेली, आणि तसं पाहिलेलं छापायचं नाही, हा नियम त्यांचा स्वतःचा होता.

ज्यांना कळायचं त्यांना पान उलटल्याबरोबर कळलं. मग जे व्हायचं ते झालं. कंपनीचं पत्र प्रकाशकाला आलं. सभागृहाच्या व्यवस्थापकाने वहिनींना मंच बंद केला. इतर सभागृहांनी त्याचं बघून केला. ज्या वादकांना हरवलेला आवाज वहिनींनी शोधून दिला होता, त्यातले दोघे-तिघे घरी येऊन म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण आमचंही जरा समजून घ्या. एकाही माणसाने हे चारचौघांत म्हटलं नाही. आणि ती शिकणारी मुलं, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांनी लिहिलं की बाई जळकी आहे, तिला यातलं काय कळतं. त्या मुलांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. खोटं त्यांना विकलं जात होतं, आणि चिडले ते खरं सांगणाऱ्यावर.

आम्ही हमालांनी मात्र एक केलं. यात शौर्य काही नव्हतं. मफलरवाला पुढच्या वेळी आला तेव्हा गाडीपाशी पैलवानाने त्याच्या व्यवस्था बघणाऱ्याला विचारलं, "साहेब, यातल्या वाजणाऱ्या कुठल्या?"

"म्हणजे?"

"वाजणाऱ्या आधी नेतो. न वाजणाऱ्या राहू देत खाली. वाजायला लागल्या की सांगा."

तो माणूस ओरडला, व्यवस्थापकाला बोलावून आणलं, नोकरीची धमकी झाली. आम्ही बाकी सगळं सामान वर नेलं, एक वायर मागे ठेवली नाही. पेट्यांना कुणी हात लावला नाही. त्याच्याबरोबरच्या पोशाखी मंडळींनी दोन पेट्या वळणापर्यंत नेल्या आणि तिथेच टेकवल्या. त्या दिवशी मफलरवाल्याने मोकळ्या मंचावर वाजवलं. आवाज जसा असतो तसाच होता. म्हातारा झाला, हळू वाजवतो, असं कुणीही म्हटलं नाही.

मला वाटलं, आता पेट्या संपल्या. दुसऱ्या खेपेला गाडी आली आणि पुन्हा आठ पेट्या. तोच रंग, तीच जाळी, तेच नाव. पैलवानाने एकीला हात घातला आणि ती अशी वर आली की तो मागेच कलला. प्लायवूडची खोकी. आत हवा.

वहिनी रस्त्यापलीकडे उभ्या होत्या. मंच बंद होता, रस्ता कुणाच्या बापाचा नव्हता. व्यवस्था बघणारा म्हणाला, "बाई, फोटो काढायचा नाही."

"रस्त्याचा काढतेय," वहिनी म्हणाल्या.

पैलवान खोकं घेऊन रस्त्याच्या मधोमध गेला, तीन बोटांच्या हाताने ते डोक्यावर धरलं आणि वहिनींना सावकाश फोटो काढू दिला. मागे गाड्या खोळंबल्या. फोटो काढून झाल्यावर तो परत आला आणि त्या माणसापुढे खोकं ठेवून म्हणाला, "हे आधी सुचलं नाही का तुम्हाला?"

तो माणूस वाईट नव्हता. घाईत होता. म्हणाला, "आधी कुणी जड आहे म्हणून बोललंच नाही."

दुसऱ्या आवृत्तीला प्रकाशक बिचकत होता, पण वहिनींनी तो रस्त्यावरचा फोटो घालायला लावला. पैलवान, डोक्यावर पेटी, मागे सभागृहाचं दार. त्या माणसाच्या उत्तराचा फोटो निघत नाही, असं वहिनी म्हणाल्या. म्हणून ते मी इथे लिहून ठेवलं आहे.